थर्ड शिफ्टवाल्याची 'सकाळ' नेमकी कधी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चाकणला कारखान्यात आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. संधिवातासाठी चार महिने प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) ५ मिग्रॅ चालू आहे. चिठ्ठीवर लिहिलंय 'सकाळी नाश्त्यानंतर'. फर्स्ट शिफ्टला काहीच अडचण नाही. थर्डला मात्र साडेसातला बसमधून भोसरीला उतरतो, पोहे खाऊन गोळी घेतो, पडदे ओढतो आणि टक्क जागा! डॉक्टरांना विचारलं तर "सकाळी म्हणजे सकाळी", आणि पुढचा नंबर पुकारला.

मग वाचत बसलो. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, पहाटेपासून चढतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणून स्टेरॉइड सकाळी. रात्री घेतलं तर कॉर्टिसॉल बनवणारी ॲड्रिनल ग्रंथी जास्त दबते. १९५९ साली 'सर्केडियन' (शरीराची साधारण २४ तासांची लय) हा शब्द घडवणाऱ्या फ्रान्झ हालबर्ग यांच्या प्रयोगांत तर विषाची मात्रा तीच, पण एका वेळी टोचली की बहुतेक उंदीर मरायचे, दुसऱ्या वेळी बहुतेक तगायचे. (उंदीर निशाचर. म्हणजे आमच्याच शिफ्टचे.) माणसांतही जेंटामायसिन हे अँटिबायोटिक रात्री दिलं तर मूत्रपिंडाला जास्त झळ बसते म्हणे.

पण खरा घोळ पुढेच आहे. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, यकृताचं जेवणाच्या वेळेवरही सरकतं. मी रात्री दोनला कँटीनमध्ये डाळ-भात खातो आणि सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन घेतो. मग गोळीने कुठलं घड्याळ धरायचं? घरी आल्यावर घेऊ की संध्याकाळी उठल्यावर? चुकीच्या वेळेमुळे अपाय वाढतो का? फिरत्या पाळीतल्या कुणाला अनुभव?

पेठेतला_फार्मासिस्ट: दादा, आठवड्याभरात शरीराचं घड्याळ पूर्ण उलटत नाही, त्यामुळे 'उठल्यावर' हेही सरळ उत्तर नाही. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, आणि झोप येत नाही म्हणून गोळी तर अजिबात सोडू नका. चार महिन्यांनंतर स्टेरॉइड एकदम थांबवणं जास्त धोक्याचं. डॉक्टरांना थेट पाळीपत्रक दाखवा. नुसतं 'नाइट असते' म्हटलं की कुणाच्या लक्षात येत नाही. मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं दुसरं औषध) पण आहे का? असेल तर ठरलेला वार पक्का धरा. ती आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

धागाकर्ता: आहे, रविवारी. बायकोने डबीवर स्केचपेनने 'रवि' लिहून ठेवलंय. पाळी बदलते तीही रविवारीच, त्यामुळे हे बरं सांगितलंत. पाळीपत्रकाचा फोटो काढलाय, उद्या दुपारी बाराला दवाखान्यात फोन लावतो. म्हणजे माझ्या मध्यरात्री.