तुंगुस्काचा देखावा करतोय, खड्डा न दाखवता स्फोट कसा दाखवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी पोरांचा एक देखावा असतो, यंदा त्यांनी परस्पर ठरवलं की तुंगुस्का करायचं, म्हणजे ३० जून १९०८ ला सायबेरियात आकाशात जे फुटलं ते, आणि मला धरलंय कारण सोसायटीत रिकामटेकडा मीच सापडतो. अडचण अशी की मंडळाचे एक काका (देवमाणूस, पण हट्टी) म्हणतात उल्का म्हटली की खड्डा पाहिजेच, लोणार बघितलं नाही का, खड्डा नसेल तर लोक म्हणतील पोरांनी अर्धवट सोडलं. अहो पण तिथे खड्डा सापडलाच नाही हीच तर सगळी गंमत आहे! लिओनिद कुलिक हा रशियन संशोधक १९२७ मध्ये तिथे पोचला, म्हणजे १९ वर्षांनी, लोखंडी उल्का मिळेल या आशेने, आणि मिळालं काय तर आडवं झालेलं जंगल, साधारण २,१५० चौ. किमी, झाडांचे शेंडे सगळे बाहेरच्या बाजूला, आणि बरोब्बर मधे मात्र झाडं उभीच, फक्त फांद्या उडालेल्या.

तर आम्ही परातीत दमट रेती घेतली, काडेपेटीच्या काड्यांना क्रेप पेपरची पानं चिकटवून हलक्या हाताने रोवल्या आणि वरून हेअर ड्रायर सरळ खाली धरला. मधल्या काड्या उभ्या राहिल्या, भोवतालच्या बाहेर लोळल्या, पोरं जाम खूश. पण खऱ्या जंगलाचा नकाशा फुलपाखरासारखा दिसतो ना, तो काही येत नाही, ड्रायर तिरका केला की सगळ्या काड्या एकाच दिशेला झोपतात. १९६० च्या दशकात रशियन संशोधकांनी काड्यांच्या जंगलावर तारेवरून छोटी स्फोटकं तिरकी सरकवत उडवली होती आणि त्यांना फुलपाखरू मिळालं होतं, आमच्याकडे स्फोटकं अर्थातच बाद. (एकाने सुतळी बॉम्ब सुचवला, त्याच्या आईने विषय तिथेच संपवला.) मग हे कसं जमवायचं?

आणि दुसरं, काकांचाच प्रश्न, पण रास्त आहे. स्फोटाच्या खाली मोजायला कोणी नव्हतं तर ऊर्जेचे आकडे कुठून आणता? आणि आता कसं करतात, १८ डिसेंबर २०१८ ला बेरिंग समुद्रावर एक फुटली, १७३ किलोटन (म्हणजे तितके हजार टन टीएनटी स्फोटक उडवल्याइतकी ऊर्जा), तिथे तर चिटपाखरू नाही. पोस्टरवर लिहायचंय, वाचणारे आरतीला आलेले लोक, प्रसाद हातात घेऊन दोन मिनिटं थांबणार, त्या हिशोबाने सांगा प्लीज. गणपती तोंडावर आलेत.

निवांत
फुलपाखरू एका झोतातून येणारच नाही. दोन लाटा असतात, एक दगड तिरका येताना त्याच्या पूर्ण वाटेवरून दोन्ही बाजूंना पसरणारी आणि दुसरी शेवटी फुटण्याची, दोन्ही एकमेकींत मिसळल्या की पंख तयार होतात. म्हणून तर त्या रशियन प्रयोगात स्फोटक तारेवर तिरकं नेलं होतं, त्यातून वाट जमिनीशी साधारण ३० अंशांची निघाली. तुम्ही ड्रायरचं तोंड खालीच ठेवून तो तिरक्या दोरीच्या कडेने वरून खाली आणत न्या आणि टोकाला क्षणभर थांबवा. हुबेहूब येईल असं नाही हां, तुमच्याकडे हवेचा झोत आहे, धक्कालहर नाही. नाहीच आलं तर नकाशा बघून काड्या सरळ चिकटवून टाका आणि ड्रायरचा प्रयोग शेजारी वेगळा करून दाखवा.

काकांना सांगा, दगड सेकंदाला दहा-वीस किलोमीटरने घुसला की समोरची हवा इतकी दाबली जाते की तो दाब दगडाच्या मजबुतीच्या वर जातो, दगड फुटतो, तुकडे झाले की हवा आणखी जास्त पृष्ठभागावर आदळते, मग ते अजून फुटतात, आणि जवळजवळ सगळी ऊर्जा वरच्या वर हवेतच सुटते. जमिनीला खड्डा पाडायला उरतं काय?

वेधशाळा
१९०८ चा आकडा मागाहून काढलेला आहे. झाडं कुठवर पडली, इंग्लंडपर्यंतच्या वायुभारमापकांवरच्या रेघा, इर्कुत्स्कच्या भूकंपमापकाची नोंद, यावरून. म्हणून ३ ते १५ मेगाटन (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन) असा लांबलचक पट्टा मिळतो, पोस्टरवर एकच आकडा छातीठोकपणे लिहू नका.

आताची सोय वेगळी. अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर इन्फ्रासाउंड केंद्रं आहेत, २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न येणारा आवाज टिपतात, तो हजारो किलोमीटर जातो. लाट जितकी संथ, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला जितका जास्त वेळ, तितका स्फोट मोठा. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ आकाशात फुटलेल्या उल्केचा (१५ फेब्रुवारी २०१३) आवाज अंटार्क्टिकातल्या केंद्रानेही पकडला. शिवाय अमेरिकी सरकारचे उपग्रह लखलखाट मोजतात, प्रकाशावरून ऊर्जा काढतात, नासाची एक संस्था ती यादी सगळ्यांसाठी खुली ठेवते. बेरिंगचे १७३ किलोटन त्यातलेच, उंची साधारण २६ किमी. जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या फोटोतही तो सापडला. बहुतेक जगाला बातमी कळली मार्च २०१९ मध्ये, आता बोला!

चिंगी
दादा, आवाजाचा पण काहीतरी प्रयोग ठेवा ना. चेल्याबिन्स्कला उजेड आधी दिसला, लोक काय झालं म्हणून खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी धक्का आला, काचा फुटून दीड हजारच्या आसपास माणसं जखमी, बहुतेक काचांनीच. तुमच्याकडे ढोल असेलच, हॅलोजन लखकन लावायचा, लोकांना ताटकळत ठेवायचं आणि मग ढोल. शेजारी पाटी, उजेड दिसला तर खिडकीपासून लांब.

आणि सुदानचं घ्याच. २००८ टीसी३, आदल्या दिवशी दुर्बिणीत सापडला, असा आधी सापडून मग आदळलेला पहिलाच लघुग्रह, ७ ऑक्टोबर २००८ ला न्युबियाच्या वाळवंटावर ३७ किमी उंचीवर फुटला. खार्तूम विद्यापीठाच्या पोरांनी ओळ करून, चालत चालत, वाळूतून काळे तुकडे वेचले. पोरांना पोरांचीच गोष्ट जास्त पटते.

धागाकर्ता
निवांत, वेधशाळा, चिंगीताई, तिघांचे आभार. काकांशी तह झाला, एका कोपऱ्यात लोणार खड्ड्यासकट (१.८ किमी व्यास, त्यांनीच पाटी लिहायला घेतलीय) आणि दुसऱ्या कोपऱ्यात तुंगुस्का बिनखड्ड्याचं. ढोलाची आयडिया पास, फक्त लोक दोन मिनिटं थांबणार नाहीत म्हणून वीस सेकंदांवर आणलंय आणि खरी वेळ पाटीवर लिहितोय. आता एकच, ड्रायर दोरीवरून हाताने नेताना हलतो, पडद्याचा रॉड तिरका बांधून त्याच्या कड्यांना अडकवला तर चालेल का, कोणी केलंय असं काही?