मदत हवी आहे: ई-पुस्तक ९९ ला विकू की ४९ ला?

नमस्कार मंडळी. आईच्या मसाल्यांच्या कृतींचं ई-पुस्तक केलंय. सध्या यूपीआयवर ९९ रुपये घेऊन पीडीएफ पाठवते. कमिशन शून्य, पण एकीने घेतलं की अख्ख्या भिशीत फिरतं! (परवा काकूंनी मलाच फॉरवर्ड केलं, "छान आहे बघ" म्हणून.) पासवर्ड लावला, तर तोही सोबत जातो.

ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीची ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट (त्यांची फक्त तिथेच विकण्याची योजना) घ्यावं लागतं, म्हणजे ९० दिवस डिजिटल प्रत दुसरीकडे विकायची नाही. नाहीतर ३५ टक्के.

जास्तीच्या प्रतीला मला खर्च काहीच नाही. मग ४९ करून खप वाढवू, की ९९ च ठेवून प्रत्येक प्रतीवर घेणारीचं नाव छापू? मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्यांनी प्लीज सांगा.