डिप्रेशनला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा: परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. 'डिप्रेशन'पाशी अडलेय. 'नैराश्य' लिहिलं, तर आईने वाचून विचारलं, "का, नापास झाला का?" निराशेमागे लोक कारण शोधतात. इथे मार्क उत्तम, आणि मुलगा पहाटे चारला जागा होऊन छताकडे बघत पडलेला. काय लिहू?

शब्दवेल्हाळ: औदासीन्य.

उत्तररात्र: नको. उद् + आस्, म्हणजे बाजूला बसलेला. गीतेत (१२.१६) 'उदासीन' हा भक्ताचा गुण आहे.

शब्दवेल्हाळ: संस्कृतात असेल. मराठीत 'उदास वाटतंय' म्हटल्यावर कुणाला भक्त आठवतो?

पैलतीर: मग 'विषाद'. अर्जुनाचं 'सीदन्ति मम गात्राणि' आठवा. सीदन्ति, विषाद, हिंदीतला अवसाद, सगळे एकाच 'सद्' धातूचे. खाली बसणं, खचणं. 'मन खचणं' आपल्याकडे आहेच की.

उत्तररात्र: अर्जुनाला कारण होतं, आणि त्याचा विषाद समजावल्याने गेला. पालकही मग फोनवर समजावत बसतील. हा आजार आहे, त्याला उपचार लागतात.

साधंसोपं: सरळ 'डिप्रेशन' लिहा, सगळ्यांना कळतं.

शब्दवेल्हाळ: कळतं कुठे? मॅच हरली तरी लोकांना डिप्रेशन येतं. उसन्या शब्दाला वजन राहत नाही.

मिणमिण: परदेशात माझी रूममेट आजारी होती. सिंकमध्ये आठवड्याची भांडी, पडदे दिवसभर बंद, गाईडची ईमेल उघडायचीच नाही. घरी फोनवर एवढंच, "कंटाळा आलाय." आई म्हणायची, फिरून ये. विद्यापीठाच्या डॉक्टरपुढे मात्र इंग्रजीत भडाभडा बोलली. घरच्यांना सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता. म्हणून म्हणते, शब्द कुठलाही घ्या, खाली लक्षणं लिहा. डॉक्टर पीएचक्यू-९ ची प्रश्नावली देतात. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न: कशात रस नाही, झोप, भूक, थकवा, स्वतःला दोष देणं... घरच्या आठवणीने रडणारं पोर मित्र आले की जरा खुलतं. हिला कुणी आलेलंच नको असायचं.

पैलतीर: आमची आजी अशा माणसाला 'झुरणीला लागलाय' म्हणायची.

उत्तररात्र: झुरतात ते कुणासाठी तरी.

पैलतीर: नेहमी नाही. 'आतल्या आत झुरणं' यात दुसरं माणूस कुठे आहे?

कानामात्रा: शीर्षकात 'डिप्रेशन' ठेवते, खाली लक्षणं. पण प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाचं काय? 'जीव नकोसा होणं' लिहिलंय. आपण उकाड्यालाही तेच म्हणतो.

मिणमिण: मग आडून लिहूच नकोस. 'मेलेलं बरं असं वाटणं, स्वतःला इजा करावीशी वाटणं.' असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पालकांनीही विचारावं, हेही लिही.

शब्दवेल्हाळ: पत्रकात 'मेलेलं' हा शब्द? आईबाप हादरतील.

मिणमिण: हादरू देत. लगेच फोन तरी करतील.

पैलतीर: झुरणेचं मूळ कुणी शोधलं का?