विकतच्या अँटिव्हायरसआधी पेन ड्राइव्हकडे पाहावे

घरच्या संगणकासाठी विकतचा अँटिव्हायरस घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. विंडोज ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस मुळातच असतो आणि अद्ययावत ठेवल्यास घरगुती वापराला तो पुरतो. अपडेट टाळणे मात्र महागात पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मला अधिक काळजी वाटते ती पेन ड्राइव्हची. अर्ज किंवा शेताचा उतारा छापण्यासाठी तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, जिथे दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याचा पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लागत असतो, आणि तसाच घरी येतो. फोल्डरच्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसला, तर तो फोल्डर नसून त्याच नावाचा शॉर्टकट, म्हणजे दुसरीच फाइल उघडणारा दुवा असतो. त्यावर डबल क्लिक केले की विषाणू सुरू होतो आणि पुष्कळदा मूळ फोल्डरही उघडत असल्याने शंकाच येत नाही. मूळ फाइली बहुधा पुसलेल्या नसून लपवलेल्या असतात, म्हणून घाबरून फॉरमॅट करण्याआधी डिफेंडरने तपासणी करावी.

मराठी-कन्नड फॉन्टच्या फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) प्रतींबद्दल एवढेच, की ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना दिसताच ती फाइल काढून टाकावी.