कॉम्प्युटर गेममध्ये क्रांती डूमने केली की व्हाइस सिटीने?

सारंग_पुणे: व्हाइस सिटीने (२००२) गेमिंग बदललं. डूम म्हणजे अंधाऱ्या बोळांतला गोळीबार, उगाच डोक्यावर घेतलेला.

जुनाखेळाडू: डोकं फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितोय. १९९३ साली डूमचा पहिला भाग फुकट वाटला गेला. नेटवर्कवर चौघं भिडायचे. नकाशे, चित्रं, आवाज सगळं वेगळ्या वॉड फाइलीत, त्यामुळे कुणीही घरबसल्या लेव्हल बनवायचा. मॉडचं, म्हणजे खेळाडूंनीच मूळ गेम बदलून बनवलेल्या गेमचं, वेड तिथूनच पसरलं. तुम्ही कॅफेत रात्री जागवल्यात ते काउंटर-स्ट्राइक म्हणजे हाफ-लाइफ या गेमचं मॉड. हाफ-लाइफचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, क्वेक या गेमच्या इंजिनावर उभं, आणि क्वेक डूमवाल्यांचाच. व्हाइस सिटीने कसला पाया घातला? मोकळं थ्रीडी शहर त्याच मालिकेतल्या जीटीए थ्रीने वर्षभर आधीच दिलं होतं.

सारंग_पुणे: त्यात बाइक होती का? नायक तोंड तरी उघडायचा का? व्हाइस सिटीचा टॉमी बोलतो, हेलिकॉप्टर उडवतो, धंदे विकत घेतो. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने अर्धवट इमारतीत बॉम्ब ठेवायचं मिशन आठवा. एक हात नमपॅडवर, वर घड्याळ पळतंय, जिन्यात पंखा घासतोय. आमची अख्खी गल्ली तिथे अडकली होती. वॉड फाइल आमच्यात कुणाला माहीत होती?

रात्रपाळी: आणि पबजी? भारतात गेमिंग घरोघरी नेलं ते पबजीने.

जुनाखेळाडू: बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला हे पबजीचं सूत्र, आर्मा २ या गेमच्या मॉडमध्ये आधीच होतं. फोनवर अंगठे घासण्याला मी गेमिंग म्हणत नाही.

मावशी_नाशिक: त्या पबजीपायी माझा भाचा बारावीत गटांगळ्या खात होता. कसली क्रांती!

रात्रपाळी: मावशी, आमच्या वेळी पबजी नव्हता, तरी पोरं नापास व्हायचीच. आणि जुनाखेळाडू, तोंड सांभाळून बोला. आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर, तोही कुलपात. कॅफे तालुक्याला, एसटीने जायचं. भावाने हप्त्यावर फोन घेतला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळलो. चौघांचा स्क्वॉड, एक सुरतला कामाला, दोघं गावी. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि रोजचं बोलणंच तुटलं. ग्राफिक्स कार्ड बघून माणूस गेमर ठरवता का?

सारंग_पुणे: रात्रपाळीशी सहमत. गावाकडच्यांना कमी लेखणं बंद करा.

जुनाखेळाडू: गावाचं नाव मी काढलंच नव्हतं! अंगठ्यांबद्दलचं वाक्य मागे घेतो, बस? फोनने माणसं आणली, तेवढं मान्य. पण डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, १९९७ मध्ये खुला झाला आणि लोक आजही त्याचे नवे नकाशे बनवतायत. व्हाइस सिटीबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

सारंग_पुणे: नका घेऊ. बाइकचं उत्तर अजून आलेलं नाही.