जोडीदाराचं मन आजारी असताना आपली तब्येत कशी टिकवलीत? खान्देशातल्यांचे अनुभव हवेत

नवरा किंवा बायको मनाच्या आजारानं कोसळली की आजारी माणसाबद्दल निदान चार लोक विचारतात. शेजारी उभं असलेलं माणूस काय खातं, किती झोपतं, याचा हिशेब कुठेच नसतो. तो हिशेब इथे मांडायचा आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांना मुद्दाम विचारते आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. आपल्याकडे सिव्हिलची ओपीडी, जिल्ह्याच्या गावातले मोजके डॉक्टर, नाहीतर नाशिक, इंदूर, सुरतेची गाडी. बाकीचं सगळं घरावर येतं, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस असतं.

एक विनंती. 'धीर सोडू नका, सगळं ठीक होईल' असं कृपया लिहू नका. झोप, जेवण, स्वतःच्या गोळ्या, नोकरी, पैसा यातलं काय कसं सांभाळलंत ते नेमकं लिहा. नावं नकोत, दवाखान्यांचीही नकोत. ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना आधी विचारा. मी यांना विचारलं. "लिही, कोणाच्या तरी कामी येईल," म्हणाले.

जळगाव शहर

सुरुवात माझ्यापासूनच करते. यांना तीव्र नैराश्य. वर्गात तास तास शिकवणारा माणूस घरी चार वाक्यं सलग बोलेना. गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं: परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मन उजळायच्या आधी अंगात थोडी ताकद येते, म्हणून सुरुवातीचे आठवडे जास्त जपायचे. आणि एक प्रश्न सरळ विचारायचा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी विचारलं. ते बराच वेळ रडले आणि "हो" म्हणाले. त्या 'हो'नंतर निदान काय करायचं ते कळलं.

रात्रीच्या पाळ्या लावल्या. दीर पाचोऱ्याहून येऊन राहायचे, माझा भाऊ शनिवार-रविवारी. मी सगळ्यांना सांगून टाकलं की रात्री अकरा ते पाच मी झोपणार, दुसऱ्या खोलीत, दार लावून. सासूबाईंना ते आवडलं नाही. पण माझं ब्लडप्रेशर 160 च्या वर गेलं होतं आणि मी पडले असते तर यांच्या गोळ्या द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. नोकरी सोडायचा सल्ला खूप जणांनी दिला. सोडली नाही. पगार तर हवाच होता, शिवाय बँकेतले ते आठ तास मी कोणाची तरी बायको नव्हते, काउंटरवरची बाई होते. सकाळी मेहरूण तलावाला एक चक्कर, एकटीनं. पावसाळ्यातही.

यावल तालुका, केळी उत्पादक

ताई, माझं लांबेल.

बायकोला बायपोलर आहे. एका काळात ती झोपत नाही, पहाटे तीनला अंगण झाडते, सगळ्या सोयऱ्यांना फोन लावते, सराफाकडे जाऊन वस्तू पसंत करून येते. दुसऱ्या काळात अंथरुणातून उठत नाही. लिथियमच्या गोळीवर ती खूप चांगली राहते. पण आमच्या भागात लिथियम सांभाळायचं म्हणजे ऊन सांभाळायचं, हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 ला जातो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की लिथियम रक्तात साठतं. अंगाला मानवणारी मात्रा आणि विषारी मात्रा यात अंतर फार थोडं. एका उन्हाळ्यात तिचे हात जोरात थरथरायला लागले, जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. सोयरे म्हणाले ऊन लागलं, कांदा फोडून हुंगवा. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पुढची गोळी थांबवून लगेच आणायला सांगितलं. रक्तातली पातळी वाढलेली निघाली. सलाइन लावलं, उतरली. तेव्हापासून आमच्या घरचे नियम असे आहेत. पाण्याचा तांब्या तिच्याजवळ भरलेला. जेवणातलं मीठ अचानक कमी करायचं नाही. कडक निर्जळ उपास नाही; आषाढीला ती भगर, ताक, पाणी सगळं घेते आणि विठोबा काही रागावत नाही. अंगदुखीला दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणायची नाही, त्यानंही लिथियम वाढतं. पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, म्हणजे रात्री गोळी आणि सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त. किडनी आणि थायरॉइडची तपासणी ठरल्या वेळी.

आता माझं. शेतीची लाइट बरेचदा रात्री असते. तिची झोप उडालेली आणि मी ठिबक सुरू करायला बांधावर, असं काही दिवस चाललं. मला शुगर आहे, ती 300 च्या पुढे गेली, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग सालदाराचे पैसे वाढवले आणि रात्रीचं पाणी त्याच्यावर टाकलं. खर्च वाढला हे खरं, पण त्या वर्षी केळीची कांदेबाग लागवड कमी केली आणि झोप विकत घेतली असं मी समजतो. फवारणीची औषधं भावाच्या खळ्यात कुलपात ठेवली, ती आजही तिथंच आहेत. शेतकरी घरात हे पहिल्या दिवशी करा. आजार कोणताही असो, वाईट घटका निघून जाते, पण हाताशी बाटली असता कामा नये.

ती बरी असताना आम्ही एक कागद केला. मजकूर तिचा आहे: 'मी लागोपाठ दोन रात्री झोपले नाही तर माझ्याशी वाद घालू नका, डॉक्टरांना फोन करा. लॉकरची चावी ताईकडे द्या.' 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजारी माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. तिनं मला नाही, तिच्या बहिणीला नेमलं. लोकांना वाटलं मला लागलं असेल. मला मोकळं वाटलं. दवाखान्यात ठेवायचं की नाही हे एकट्यानं ठरवून मग वर्षभर तिच्या डोळ्यांत त्याचा राग बघणं फार अवघड असतं. आता आम्ही दोघं मिळून ठरवतो.

एकादशीचं भजन मी कधी सोडलं नाही. टाळ वाजवताना डोक्यात दुसरं काही येत नाही.

अमळनेर

दादा, दुखण्याच्या गोळीचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. यांचे गुडघे दुखतात आणि मेडिकलवाला हमखास तीच पट्टी देतो. उद्याच विचारते डॉक्टरांना. फार उपकार झाले.

शहादा तालुका, आशा कार्यकर्ती

नवऱ्याला स्किझोफ्रेनिया. त्याला वाटायचं मी जेवणात काहीतरी घालते. 'मी असं करीन का' म्हणून वाद घातला की तो जास्त बिथरायचा. मग मी त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खायचे आणि बोलायचे नाही. 'तुला भीती वाटते ना, मी बसते इथं' एवढंच म्हणायचे. त्याचं म्हणणं खरं आहे असंही म्हणायचं नाही आणि तू खोटा असंही नाही, हे मला सिव्हिलच्या समुपदेशक मॅडमनी शिकवलं.

सासरच्यांचं म्हणणं, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. मी म्हटलं, नवस तुमचा, गोळी माझी. कानबाईला रोट केले, मीही मनापासून हात जोडले. पण तिकडे कोणीतरी साखळीनं बांधून ठेवायचं सुचवलं तेव्हा मी उभी राहिले. 2017 च्या कायद्यानं आजारी माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे आणि अंगातलं काढायच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मी हे मोठ्यानं, चारचौघांत सांगितलं. आशा असल्याचा तेवढा उपयोग झाला.

बायांसाठी एक लिहिते. आजार आहे म्हणून मार खायचा नसतो. दोनदा त्यानं हात उगारला. त्यानंतर शेजारच्या काकूंकडे आमच्या घराची एक चावी, माझी आणि पोरांची कापडं, आधार कार्डं आणि थोडे पैसे अशी पिशवी ठेवली. आवाज चढला की पोरांना घेऊन मी तिकडे, आणि दिराला फोन. गरज पडली तर 112 लावायचा हेही ठरलेलं. तो शांत झाला की परत. मी त्याला सोडलं नाही, पण त्याच्या हाताखाली उभीही राहिले नाही.

माझं हिमोग्लोबिन 8 वर आलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं मला समोर बसवून लोहाची गोळी गिळायला लावली, रोज. काकू रात्री यायच्या आणि म्हणायच्या, "आते तू जपी जा, मी शे आठे." (आता तू झोप, मी आहे इथं.) मी खरंच झोपून जायचे.

भुसावळ, रेल्वे

मी लोको पायलट. बाळंतपणानंतर आठवडाभरात बायकोला भास होऊ लागले. बाळ आपलं नाहीच म्हणायची, रात्र रात्र बोलत राहायची. घरच्यांनी 'बाळंतवारा' म्हटलं. डॉक्टर म्हणाले हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस आहे, हजार बाळंतिणींत एकदोघींना होतो, यात थांबायचं नसतं, आजच भरती करा. केली. बाळाला तिच्याजवळ एकट्यानं ठेवायचं नाही, आणि रात्रीचं दूध दुसऱ्या कोणी पाजायचं म्हणजे तिला सलग झोप मिळेल, असं सांगितलं. सासूबाई आणि माझी बहीण पाळीनं बाळ बघायच्या. ती पूर्ण बरी झाली, पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना भेटायचं हे आम्ही लिहून ठेवलं आहे.

माझ्यापुरतं सांगतो. न झोपता इंजिनवर बसणं म्हणजे मागच्या डब्यांतल्या सगळ्यांशी खेळणं. मी लॉबीत, म्हणजे आम्ही ड्यूटीला हजर होतो तिथं, जाऊन खरं कारण सांगितलं, रजा घेतली. गाडी चालवणाऱ्या स्टाफमध्ये बायकोच्या आजाराचं बोलायला माणसं लाजतात. लाजू नका. मी सांगितल्यावर दोघांनी आपापल्या घरचं सांगितलं.

धुळे

यजमानांच्या आजाराला खूप वर्षं झाली. माझा आधार पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा. तिथे काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हणतात, त्यांचे स्वमदत गट आहेत. ही संस्था सुरू करणारे जगन्नाथ वाणी मूळचे आपल्या धुळ्याकडचे. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि ते लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. इतक्या शिकलेल्या माणसाच्या घरी हे होतं आणि तो ते उघड सांगतो, हे कळल्यावर मी लग्नकार्यांना पुन्हा जायला लागले. कोणी विचारलं तर आजाराचं नाव सांगते.

पैशाचं बघा. 2017 च्या कायद्यानुसार आरोग्य विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. आमचा दावा आधी नाकारला होता, लेखी तक्रार केल्यावर मिळाला. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरला आहे. 40 टक्के किंवा त्यापुढचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती आहेत, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते.

माझे गुडघे, माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, हे मी 'यांचं बरं झालं की बघू' म्हणून मागे टाकत नाही. यांचा आजार आयुष्यभर सोबत राहणार आहे.

पारोळा तालुका

मी वाचते आहे सगळ्यांचं. आमचं आत्ता चालू आहे. हे चार दिवस जेवले नाहीत, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसलेलं बरं' म्हणतात. घरी मी आणि लहान मुलगी. दवाखान्यात नेलं तर पोलिसांत जाईल का? मला स्वतःला गरगरतं आहे.

जळगाव शहर

ताई, ते बोलणं गंभीर आहे, आज रात्री एकट्या राहू नका. आत्ता 14416 लावा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. जवळचं कोण आहे? दीर, जाऊ, शेजारी, कोणीही. त्यांना बोलवा. घरातली सगळी औषधं, फवारणीची असतील तर तीही, दुसऱ्याच्या घरी न्या. त्यांनी काही करून घेतलं किंवा तसं काही करायला निघाले तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा आणि सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. पोलिसांची भीती बाळगू नका. फक्त उपचाराला नेल्यानं पोलीस केस होत नाही. प्रयत्न झाला तरी तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच 2017 चा कायदा धरतो, शिक्षा नाही, उपचार द्यायचे. आणि तुम्ही काही खाल्लं का?

पारोळा तालुका

नाही अजून. मोठे दीर निघालेत चाळीसगावहून. 14416 ला बोलले, त्यांनी यांच्याशीही बोलणं केलं. उद्या सकाळी लवकर नेऊ म्हणतात. काय काय न्यायचं सोबत?

शहादा तालुका, आशा कार्यकर्ती

दोघांची आधार कार्डं, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रेशन कार्ड. कधीपासून झोप गेली, काय बोलतात, ते कागदावर लिहून न्या, तिथं आठवत नाही. मुलीला जावेकडे ठेवा. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी असते, दिरांना रांगेत उभं करा आणि तुम्ही यांच्याजवळ बसा. तुमचं गरगरणंही तिथंच दाखवा, तुमचा वेगळा केसपेपर काढा. आता भाकरी आणि जे असेल ते खाऊन घ्या, दीर येईपर्यंत इथं लिहीत राहा. आम्ही जागे आहोत.