मदत हवी आहे: फ्लेकेनाइडवर (हृदयाची लय राखणारं औषध) व्यायामात क्यूआरएस (ईसीजीतली खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर) रुंदावतोय

एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) रुग्ण, वय 58, हृदयाचं पंपिंग 60 टक्के (नॉर्मल), करोनरी आजार नाही. दमा आहे, म्हणून श्वासनलिका आकुंचवू शकणाऱ्या बीटा ब्लॉकरऐवजी ठोके मंदावायला डिल्टियाझेम 120 मिग्रॅ. सोबत फ्लेकेनाइड 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा. औषधाआधी क्यूआरएस 92 मिलिसेकंद, आता विश्रांतीत 104. ट्रेडमिलवर मात्र 126, म्हणजे औषधाआधीपेक्षा जवळपास 37 टक्के वाढ! ठोके वाढले की फ्लेकेनाइडमुळे सोडियम चॅनेल (हृदयपेशींत विद्युतसंकेत चालवणारी द्वारं) जास्त अडतात, हे ठाऊक आहे. खरी धास्ती फ्लटरची (वरच्या कप्प्यांची जलद पण नियमित लय): अलिंदाचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा, वेग मिनिटाला 300 वरून 200 वर उतरला आणि एव्ही नोडने (वरून खाली संकेत सोडणारी गाठ) प्रत्येक ठोका खाली सोडला तर? फ्लेकेनाइडचा डोस 50 वर आणावा, डिल्टियाझेम वाढवावं, की सरळ अ‍ॅब्लेशनकडे (कॅथेटरने दोषी ऊती निकामी करणं) वळावं? लय राखणारं दुसरं औषध सोटॅलॉल हेही बीटा ब्लॉकरच, त्यामुळे दम्यामुळे बादच. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.